उंदीर, अस्वल आणि कर्णिकबाई

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कर्णिकबाईंकडे जायचं तर मोबाइल दाराबाहेर, चपलांशेजारी काढून ठेवावा लागतो. त्यात भाषांतर करणारं अ‍ॅप असतं आणि त्या अ‍ॅपवर बाईंचा विलक्षण राग आहे. एका पाहुण्याच्या खिशात मोबाइल वाजला, तर त्याच्यापुढे ठेवलेला चहा बाईंनी उचलून परत आत नेला.

बाईंनी सगळी नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत आणण्यात काढली. निवृत्त झाल्या, पण चुका दिसायच्या काही थांबल्या नाहीत. पनवेलमधल्या हॉटेलांची मेनूकार्डं त्या लाल पेनानं तपासून परत देतात. ‘कुणी लिहिलंय हे? त्याला इकडे बोलवा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोसायटीच्या नोटिशीपायी सेक्रेटरीची दोनदा हजेरी घेऊन झाली आहे.

मी जासईच्या कंटेनर यार्डात कामाला आहे. तिथला माझा सोबती नीलेश जर्मनीला गेला आणि कात्रिन नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. तिनं होणाऱ्या सासूला, हिराबाईंना, जर्मनमध्ये हातानं पत्र लिहिलं. हिराबाईंच्या पुतणीनं ते मोबाइलवर इंग्रजीत करून अर्थासकट वाचून दाखवलं आणि घरात भडका उडाला. हिराबाईंनी लग्नाला साफ नकार दिला. रडकुंडीला येऊन नीलेशनं मला फोन केला, तेव्हा मी हिराबाईंना बाईंकडे घेऊन गेलो.

“ती माज्या पोराला उंदीर बोलते,” हिराबाई म्हणाल्या. “वर अस्वल पन. आसली सून आमाला नको.”

पुतणीनं उतरवून दिलेला इंग्रजी कागद बाईंनी वाचला. ‘तुमचा मुलगा माझा उंदीर-अस्वल आहे.’

“कुणी लिहिलंय हे?”

“मोबाइलनं,” मी म्हणालो.

“त्याला इकडे आणू नकोस,” बाई म्हणाल्या आणि पत्र घेऊन टेबलाशी बसल्या. “‘माउझेबेअर’ हा लाडाचा शब्द आहे. जर्मन माणूस प्रेमात आला की प्राण्यांवर घसरतो.”

“मंग मराठीत सांग ना.”

“मी जर्मनमधून इंग्रजीत करते. मराठीत फक्त भांडते.”

त्यांनी ‘डार्लिंग’ लिहिलं, खोडलं. ‘हनी’ लिहिलं, तेही खोडलं. पेन आपटलं. “चाळीस वर्षं पंप आणि व्हॉल्व्ह. असला शब्द एकदाही माझ्याकडे आला नाही. मला कसा यावा?” त्या माझ्यावरच ओरडल्या. मग हिराबाईंकडे वळल्या. “तुम्ही लहानपणी त्याला काय म्हणायचात?”

हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. “बोक्या.”

“म्हणजे तुमचा बोका चालतो आणि तिचा उंदीर चालत नाही?”

हिराबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाईंनी मात्र चेहरा तसूभर न हलवता इंग्रजीत लिहिलं, ‘तुमचा मुलगा माझा बोक्या आहे.’ ‘बोक्या’ तेवढा मराठीच ठेवला. मग हिराबाईंनी सांगितलेलं उत्तर जर्मनमध्ये लिहून दिलं. लग्नाला होकार होता.

निघताना हिराबाईंनी बाईंच्या गालावरून हात फिरवला. “येते गं बाय. लय चिडतेस तू.”

“मी सदुसष्ट वर्षांची आहे.”

“मी सत्तरची हाय. मंग तू माजी धाकटी बायच ना?”



आठवडाभरानं बाईंनी मला जिन्यात गाठलं. “त्या हिराबाई कुठे आहेत? मुलीच्या पत्राला उत्तर द्यायचं असतं, एवढी साधी रीत कळत नाही?”

उत्तर त्याच दिवशी गेलं होतं. पाकिटावरचा पत्ता बाईंनीच लिहिला होता. मी ते बोललो नाही. “रविवारी घेऊन येतो,” म्हणालो.

“रविवारी म्हणजे किती वाजता?” बाईंनी चिडून विचारलं.