गोगलगायीच्या बाणाची कैफियत

आज्ञा जाहली की, संग्रहालयाचे शंखदालनी गोगलगायींचे कुळाविशी जो कलह माजला, त्याचा मजकूर साद्यंत लिहावा. त्यास हकिकत ऐसी जे, शंखाधिपती थोरले सर, चष्मेबहाद्दर, यांनी उभी हयात गोगलगायींची कुळे लावण्यात खर्ची घातली. शंखास वेटोळी किती, तोंडाची कड सरळ की दुमडलेली, इतके पाहोन कुळ ठरवावे, ऐसा त्यांचा अंमल. आणि त्यांची सूनबाई त्याच दालनी चाकरीस. तिचे म्हणणे की शंख हा निव्वळ अंगरखा, खरी ओळख पोटात. कित्येक कुळांत मानेपाशी पिशवी असते आणि पिशवीत चुन्याचा बाण. कित्येकांत काहीच नसते.

मग कोबीचे गड्ड्यातून दोन तपकिरी गोगलगायी, एक थोरली, एक धाकटी, हस्तगत जाहल्या, आणि सरांनी त्या बिनबाणी कुळात दाखल केल्या, आणि सूनबाईने हरकत घेतली, आणि सर संतापोन हुकूम फर्मावते जाहले की, सोमवारी एकीस पाण्यात बुडवोन, चिरोन, पोटाची झडती घ्यावी. सूनबाईस अन्न गोड लागेना. उभयतांस तिने स्वहस्ते गाजर घालोन पोसले होते.

"अहो, गोगलगायीपायी पोरीशी अबोला कसला धरताय?" सासूबाई जेवताना वदल्या.

"शास्त्राचा प्रश्न आहे."

"शास्त्राला म्हणावं, आधी जेवून घे."

मग सूनबाईने मसलत केली. बाण असलाच तर तो प्रणयसमयी आपसूक सुटेल. पोट फाडण्याचे प्रयोजन काय? रविवारी उभयतांस काचेचे पेटीत आमनेसामने आणिले आणि फवाऱ्याने पाऊस पाडिला. यांत वर कोण, वधू कोण, हा सवाल फिजूल. हरएक गोगलगाय दोन्ही पक्षांकडील. मग शिंगे पुढे आली, आणि शिंगे मागे गेली, आणि वीतभर मुलूख आक्रमिता दुपार कलली, आणि मग तळव्यास तळवा भिडला.

"काही होत नाही. चहा सांगा," ऐसे सर म्हणतात तोच धाकटीने नेम धरोन बाण सोडिला! तांदळाचे कणीएवढा पांढरा बाण थोरलीचे बगलेत रुतला. जखम किरकोळ, प्रेम कायम.

"बाबा, भिंग घ्या."

सरांनी भिंग घेतले, मग चष्मा पुसला, मग पुन्हा भिंग घेतले.

मग तह जाहला. उभय गोगलगायींस अभय द्यावे. कुळ बदलोन बाणवाले करावे. आणि तिसरे कलम सरांनी खाली मान घालोन सांगितले: "मला आधीपासून संशय होताच, असं लिही."

"आधीपासून?"

"अगदी आधीपासून."

सूनबाईने पेटीकडे पाहिले. "बरं, बाबा," म्हणाली, आणि लिहिले.

येणेप्रमाणे सूनबाईची फत्ते जाहली, आणि थोरले सर विजयी होऊन घरी परतले.