कच्चं गोंदण, पक्का रंग

तापीला बघायला येणारं हे तिसरं स्थळ. पहिल्या पाहुण्यांनी मुलगी काळी म्हणून नाकारली. दुसऱ्यांना रंग चालला, पण चौथी पास झालेली मुलगी विचारलं की मान वर करून उत्तर देते, हे काही चाललं नाही. त्यामुळे नंदुरबारच्या पाहुण्यांच्या वेळी लोणखेड्यातल्या तिच्या बापाच्या, पितांबरच्या घरानं निश्चयच केला होता, की या खेपेला बोट ठेवायला जागा म्हणून ठेवायची नाही. तापीला मात्र या सगळ्याचा इतका वीट आला होता, की कुणी नुसतं 'पाहुणे' म्हटलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची.

मुलगा दोधू, जिनिंग कारखान्यात कारकून. स्थळ आणलं होतं चिंधामामानं. आदल्या दिवशी दुपारी तो निरोप घेऊन आला.

"सकाय येतस ते," चिंधामामा चहा बशीत ओतत म्हणाला. "आनि पोऱ्यानी मायनी पहिलंच काय ईचारं, माहीत शे? पोरले गोंदेल शे का?"

तापीच्या आईचा, रुखमाबाईचा हात चुलीशीच थांबला. तापीच्या अंगावर गोंदणाचा ठिपका नव्हता. लहानपणी गोंदणारीण आली तेव्हा ती कडब्याच्या गंजीवर चढून बसली होती, आणि खाली ओढल्यावर त्या बाईच्या मनगटाला चावली होती. गोंदणारीण त्यानंतर या गल्लीत फिरकली नाही.

"तवय कितली सांगं तुले!" रुखमाबाई लेकीवर उखडली. "मरताना बाईसंगे गोंदनच जास, दुसरं काय जास?"

"माय, त्यासनी फक्त ईचारं शे," तापी म्हणाली. "गोंदेल पायजे, आसं कोठे सांगं?"

"नको ते कोनी ईचारस का?"

यावर तापीकडे उत्तर होतं, पण ऐकायला कुणी थांबलं नाही. आता सुईनं गोंदायचं तर उद्यापर्यंत तोंड सुजणार. काजळ लावून पाहिलं, तर ते घामाबरोबर गळ्यापर्यंत उतरलं. शेवटी पितांबर शहाद्याच्या रंगाऱ्याकडे गेला.

"कापड कोनतं शे?" रंगाऱ्यानं विचारलं.

खरं सांगायची लाज वाटून पितांबरनं बायकोच्या पातळावर ढकललं, "पातय शे."

रंगाऱ्यानं वाटीभर काळा रंग दिला. "ली जा. लुगडं फाटी जाई, पन रंग जावाव नई."

पितांबरनं हे वाक्य घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्याचा अर्थ फक्त तापीला कळला. "नाना, जावाव नई म्हंजे?" तिनं विचारलं. "तू बोलू नको, हनुवटी हालस," रुखमाबाई म्हणाली. तिनं तुरकाठीचं टोक बुडवून कामाला सुरुवातही केली होती.

कपाळावरचा टिळा बरा जमला. हनुवटीवर तीन ठिपके द्यायचे होते. मधला जाड झाला, म्हणून त्याच्या जोडीला बाजूचे दोन जाड केले. मग तिघं एकमेकांत मिसळले. मनगटावर विंचू काढला. "खेकडा चांगला काढा शे," पितांबर म्हणाला, आणि ओसरीवर हाकलला गेला.

दुसऱ्या दिवशी दोधूची आई सोनीबाई पोराला घेऊन बैलगाडीतून उतरली, आणि रुखमाबाईचा जीव भांड्यात पडला. सोनीबाईच्या कपाळापासून कोपरापर्यंत गोंदणच गोंदण होतं. "देखं ना?" दाराआडून रुखमाबाई लेकीला कोपरानं ढोसत म्हणाली.

तापी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सोनीबाईनं मान वर केली आणि तिचा चेहरा उतरला.

"गोंदेल शे का?" तिनं हळूच विचारलं.

"शे ना! हात दखाड, तापी!"

तापीनं हात पुढे केला. सोनीबाईनं तो विंचू की खेकडा बघितला आणि सुस्कारा सोडला. "बहीन, राग धरू नको. माले गोंदेल सून नको व्हती. म्हनीसनच चिंधाभाऊले ईचारं मी."

तापीनं आईकडे पाहिलं. आई छताकडे पाहत होती.

"तठे नंदुरबारमा कारकूनसन्या बाया शेतस," सोनीबाई सांगू लागली. "हयदी-कुंकूले बलावतस. मन्हं कपाय देखतस नि ईचारतस, कोनता खेडानी शे वं तू? मंग दारपाशी बठाडतस. मन्हा पाय धरीसन गोंदं व्हतं माले, माले कोनी ईचारं नई. मन्हं व्हयनं ते व्हयनं. सूनले तरी दारपाशी नको बठाले."

तापीला त्या बाईचा राग येईना, ही आणखी एक पंचाईत झाली.

"खोटं शे ते!" रुखमाबाई एकदम ओरडली. "रंग शे हाऊ! देखा, आत्ते पुसी टाकस!"

तिनं पदर ओला करून तापीची हनुवटी धरली. रंग हलला नाही. मग चिंच आली. चिंचेनंतर राख, राखेनंतर घासलेट. हनुवटी लाल झाली आणि तिच्यावरचा काळा डाग जास्तच उठून दिसू लागला. चिंधामामानंही एकदा घासून पाहिलं.

"पहिले सांगं 'शे', आते सांगतस 'नई'," सोनीबाई पुटपुटली. पण तिलाही राहवेना. "राख नको घसू वं, चामडी निंघी जाई. ताक लाव." असं म्हणून तिनंच ताकाची वाटी मागून घेतली. ज्याच्या त्याच्या हातात तापीची हनुवटी होती. तापी सोडून.

आपण खोटारडे ठरतोय हे पाहून पितांबर साक्षीला रंगाऱ्यालाच घेऊन आला. रंगाऱ्यानं तापीचं तोंड उजेडाकडे वळवलं, डोळे बारीक केले आणि हनुवटीवरून अंगठा फिरवला.

"रंग मन्हाच शे," तो म्हणाला.

"देखं!" रुखमाबाई म्हणाली.

"मंग निंघी का?" सोनीबाईनं विचारलं.

रंगाऱ्याला हा प्रश्न झोंबला. "काबर निंघी? बापजादाफाईन धंदा शे मन्हा! आखो महिनाभर घसा, निंघाव नई. नवी चामडी येई, तवयच जाई." आणि पितांबरकडे वळून तो म्हणाला, "हाई पातय व्हय का रे तुन्हं?"

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला दोधू पहिल्यांदाच बोलला, तेही शाळेतल्या मराठीत, जमिनीकडे बघून.

"माझी काही हरकत नाही. मला चालेल."

एका क्षणात घराचा रंग पालटला. सोनीबाईनं पोराकडे पाहिलं आणि ती हसली. चिंधामामानं पागोटं सारखं केलं. रुखमाबाई गुळाच्या डब्याकडे धावली.

"थांब, माय," तापी म्हणाली.

तिची हनुवटी आगीसारखी जळत होती. अंगाला घासलेट, चिंच आणि ताक यांचा मिळून वास येत होता.

"तीन घरना मानसंसनी देखं माले. काळी शे, बोलस, गोंदेल शे, गोंदेल नई शे. आते ह्यासले चालस, म्हनीसन तू गूय वाटाले निंघनी. माले कोनी ईचारं का?"

"तापे!" रुखमाबाई कुजबुजली.

तापीनं थेट दोधूकडे पाहिलं. "जरा उठा. उजेडमा या."

पितांबरनं डोळे मिटून घेतले. दोधूनं आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि तो उठला. उजेडात येऊन उभा राहिला. कुणी न सांगता टोपीही काढली.

"फिरा."

तो फिरला. तापीनं अजिबात घाई केली नाही. सोनीबाईनं तोंडाला पदर लावला होता. पदराआडून तिचे खांदे हलत होते. रंगारीही गिऱ्हाइकाचं कापड पारखावं तसा मान तिरकी करून बघत होता.

"कान मोठला शेतस," शेवटी तापी म्हणाली.

रुखमाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"पन सांगेल आयकतस," तापी म्हणाली. "चालतीन."