कल्ल्याची व्युत्पत्ती

शब्द नेमका असल्याशिवाय कारभार चालत नाही. मासे काय, ते शब्दाविनाही मरतात.

सुगंधाबाई चामोर्शीकडच्या एका गावात मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष. आभाळ कोंदून राहिलं होतं. एका सकाळी तलावातले रोहू-कतला पाण्यावर तोंड काढून तडफडू लागले. बाईंनी तालुक्याच्या मत्स्य कार्यालयाला फोन लावला, "साहेब, मासे कल्ले फाकवून वर येऊन राह्यले. लवकर या!"

कार्यालयाने विलक्षण तत्परता दाखवली. कल्ला म्हणजे गोंगाट, सबब तक्रार पोलिसांकडे गेली. दोन शिपाई आले.

"डीजे कुठी आहे?"

"डीजे नाई जी, मासे हायेत," बाई म्हणाल्या.

"मासे कल्ला करतात?"

"करत नाईत. त्यायले असतो."

शिपायांनी काठावर कान देऊन ऐकलं आणि आवाज मर्यादेत असल्याचा शेरा मारला.

अशी गफलत पुन्हा होऊ नये म्हणून लगोलग शब्दनिश्चिती समिती नेमली गेली. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक हेमराजसर. कल्ला फारसीतून आला, असं ते म्हणाले. दुसऱ्या सदस्यांच्या मते दाढीचे कल्ले आधीचे, माशाने ते माणसाकडून घेतले. (माशाला दाढी येत नाही, ही हरकत अल्पमतात गेली.) 'गलफडं' हिंदी ठरलं. शेवटी 'जलश्वसनपटल' एकमताने मंजूर झालं. तो शब्द उच्चारून विरोध करणं कुणालाच जमेना.

इकडे सुगंधाबाईंनी गाव पाण्यात उतरवलं होतं. नवऱ्याने, मुखरूभाऊंनी, पाण्यात हवा मिसळावी म्हणून पंप लावून तलावाचंच पाणी उंचावरून तलावात सोडलं. बाया बांबूंनी पाणी घुसळत राहिल्या. हात भरून आले, तरी कुणी थांबेना.

"मावशी, हा मासा पोहत खाली गेला!" बायांमधली उर्वशी ओरडली. बाईंनी पदराने तोंड पुसलं. पाणी होतं की रडू, कुणी विचारलं नाही.

दुपारी समिती पाहणीला आली. नमुन्यासाठी एक मासा हवा होता.

"जित्ता का मेलेला?" बाईंनी विचारलं.

समितीने मेलेला पसंत केला. व्याख्या होईस्तोवर तो जागचा हलत नाही.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली. ऐकून झाल्यावर जो तो एकच विचारतो, "मग बरोबर शब्द कोणता हो?" तुमच्याही ओठांवर तोच आला असेल. अर्ध्याहून अधिक मासे वाचले, हे आपलं न विचारताच सांगून ठेवतो.