हिरव्या दिव्याची साक्ष

माझी बुद्धी तलवारीसारखी आहे, असे मी कधीही म्हणत नाही. तलवारीला म्यान लागते. माझी बुद्धी झाकून ठेवण्याजोगी नाही. लोक मला ‘डिटेक्टिव्हसाहेब’ म्हणतात, आणि हसत म्हणतात, ही गोष्ट खरी. परंतु थोरांचे नाव घेताना समाजाच्या मुखावर प्रसन्नता उमटणे स्वाभाविकच होय. माझा सहायक म्हणजे माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. त्याची नेमणूक पत्नीने केली, आणि तिच्या निर्णयावर अपील नाही.

त्या दुपारी बेकरीच्या मालकीणबाईंनी आम्हांस पाचारण केले. कित्येक दिवस त्यांचे पाव कोळसा होऊन बाहेर पडत होते. समोरच्या नव्या बेकरीने भट्टीवाल्याला फितवले असावे, असा संशय होता. तो निर्दोष ठरला नाही, तर संध्याकाळी त्याची नोकरी जाणार होती.

“भट्टीवरचा हा दिवा आमच्या थोरल्या दिरांनी बसवलाय,” बाई म्हणाल्या. “गणिताचे मास्तर होते. आतलं तापमान एकशे ऐंशी आणि दोनशे तीसच्या मध्ये असलं की दिवा हिरवा, नाहीतर विझलेला. प्रोग्रामही त्यांनीच लिहिलाय.”

“आणि मला ताकीद आहे,” भट्टीवाला म्हणाला, “दिवा हिरवा असेल तर ठरलेली वेळ होईपर्यंत दार उघडायचं नाही. करपल्याचा वास आला तरी नाही.”

“दिवा एकदाही विझलेला नाही,” हाताची घडी घालून उभे असलेले मास्तर म्हणाले.

मी डोळे मिटले. दिव्याला नातलग नसतात, म्हणून तो पक्षपाती नसतो. त्याला पोट नसते, म्हणून तो लाच घेत नाही. साक्षीदार असावा तर असा! दिवा म्हणतो भट्टी ठीक होती. सबब, पाव या भट्टीत करपलेच नाहीत.

“ते बाहेरून करपवून आणले,” मी जाहीर केले, “आणि चांगले पाव पळवले!”

“साहेब,” भट्टीवाला काकुळतीने म्हणाला, “करपलेले पाव बाहेर कोण विकतं?”

“तोच तर तपासाचा विषय आहे.”

विक्रेता काही सापडेना, तेव्हा मी दुसरा सिद्धान्त मांडला: मैद्यात कोळशाची भुकटी मिसळली जात असावी. पोत्यात नाक खुपसून मी त्याची कसून तपासणी केली. नंतरच्या शिंकांमुळे मैदा माझ्या मिशांवर पसरला, पण त्यात काळा कण एकही नव्हता. गुन्हेगार सफाईदार होता, एवढेच सिद्ध झाले.

“आता एकच शक्यता उरते,” मी भट्टीवाल्याकडे बोट रोखले. त्याचा चेहरा उतरला.

एवढ्यात माझा मेहुणा, जो इतका वेळ भट्टीला पाठ टेकून डुलक्या घेत होता, खांदे चोळत म्हणाला, “दाजी, ही भट्टी गारठलीय.”

“गारच असणार,” भट्टीवाला म्हणाला. “आज ती पेटवलेलीच नाही.”

“मग दिवा हिरवा कसा?” मेहुण्याने विचारले.

सर्वांनी दिव्याकडे पाहिले. तो मोठ्या निष्ठेने हिरवा होता.

“हा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला होता,” मी म्हणालो. कोणी मान डोलावली नाही.

“अशक्य!” म्हणत मास्तर कॉम्प्युटरपुढे बसले. पडद्यावर त्यांचे वाक्य होते: १८० < तापमान < २३०. मास्तरांनी त्याचे तुकडे एकेक करून तपासले, आणि फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यासारखे ते डोके खाजवू लागले.

“फळ्यावर आम्ही असंच लिहितो,” अखेरीस ते म्हणाले. “वाचणारा दोन्हीकडे बघतो. हा मेला कॉम्प्युटर आधी डावीकडची तुलना करतो. ती खरी तर उत्तर एक, खोटी तर शून्य. मग ते उत्तरच पुढं नेऊन विचारतो, हे दोनशे तीसपेक्षा लहान आहे का?”

“म्हणजे तापमान राहिलं बाजूला!” बाई म्हणाल्या. “शून्य काय नि एक काय, दोनशे तीसपेक्षा लहानच. भट्टीला आग लागली तरी हिरवा, आत बर्फ ठेवला तरी हिरवा!”

“गणिताच्या दृष्टीनं माझं वाक्य निर्दोष—”

“भावजी, पाव काय गणितात भाजायचेत?”

मास्तरांनी वाक्य तोडून दोन स्वतंत्र प्रश्न लिहिले: तापमान एकशे ऐंशीहून मोठे आहे का, ‘आणि’ तापमान दोनशे तीसहून लहान आहे का. तापमान दोनदा लिहावे लागले, तेव्हा “पुनरुक्ती!” म्हणून ते कण्हले. दिवा तत्काळ विझला. दिवा विझल्यावर माणसांनी टाळ्या वाजवल्याचे मी प्रथमच पाहिले.

बाई भट्टीवाल्याकडे वळल्या. “माझं चुकलं. आजपासून वास आला की दार उघडा. दिव्याला विचारू नका, मलाही विचारू नका.”

त्याने भट्टी पेटवली. कणीक मळलेली होतीच. यथावकाश दिवा हिरवा झाला. भट्टीवाल्याने तिकडे पाहिलेदेखील नाही. नाक फुलवून त्याने योग्य वेळी दार उघडले आणि सोनेरी पावांचा ट्रे बाहेर ओढला. पहिला पाव बाईंनी त्याच्याच हातावर ठेवला. त्याने तो मोडला आणि एक तुकडा मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी दोन्ही तुकडे निरखले. “हे समान नाहीत.”

“नाहीतच,” भट्टीवाला म्हणाला. “तुमचा मोठा आहे.”