चिंधीवरून माणूस

दारव्ह्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या नलूकाकूंना गेल्या नऊ वर्षांत माझं नाव कळलेलं नाही. त्यांच्या लेखी मी 'निळा चौकडा' आहे. आम्ही राहायला आलो त्या दिवशी माझ्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, तेवढ्यावर माझं बारसं झालं. तो शर्ट विटला, फाटला आणि यथावकाश काकूंच्या गोधडीत गेला. मी मात्र निळा चौकडाच राहिलो. माझी बायको 'अबोली काठ', समोरचे निवृत्त पोस्टमास्तर 'खाकी टेरिकॉट'. सकाळी काकू कुंपणावरून सांगतात, "भाऊ, पिवळ्या ठिपक्याले ताप हाये म्हणते," आणि मी दात घासता घासता गल्लीभरचे कपडे आठवत बसतो.

काकू चिंध्यांच्या गोधड्या शिवतात. चिंधी म्हणजे तुमच्या-माझ्या कल्पनेतली नव्हे. काडेपेटीएवढा तुकडा त्यांच्या दृष्टीने ऐसपैस. बोटाच्या पेराएवढा असला तरी त्याला त्या जागा शोधून देतात. कमरेच्या पिशवीत एक लहानशी कात्री कायम असते, आणि बोलताना त्यांची नजर आपल्या तोंडावर नसते, शर्टाच्या कॉलरवर असते. कॉलर कितपत झिजली आहे यावरून आपली आणखी किती महिने वाट पाहायची, हे त्या ठरवतात. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला पंगतीतच थांबवलं होतं. त्याच्या सदऱ्याची शिवण चिमटीत धरून म्हणाल्या, "हे इथून उसवन. उसवलं का मले पाठवजो." मामांनी जिलबी तशीच हातात धरून मान हलवली.

त्यांचे नियम कडक आहेत. नवं कापड चालत नाही. आमच्या चौकातल्या शिंप्याने एकदा कौतुकाने पोतंभर कातरण घरपोच पाठवलं, तर काकूंनी ते आल्या पावली परत केलं. "याईले कोणाचं आंगच लागलं नाई. मुकं कापड हाये हे," असं म्हणाल्या.

दुसरा नियम भांडणाचा. ज्या दोन घरांचं पटत नाही त्यांच्या चिंध्या काकू मुद्दाम शेजारी शेजारी शिवतात. खाकी टेरिकॉट आणि पिवळा ठिपका यांच्यात सांडपाण्याच्या नालीवरून वितुष्ट आलं, तेव्हा काकूंनी दोघांना अगदी मधोमध, दुहेरी टाक्याने जोडून टाकलं. चिकटून राहिले की वाकडेपणा जातो, असं त्यांचं शास्त्र. नालीचा वाद अजून सुरूच आहे. ती गोधडी सध्या माझ्याकडे आहे आणि उबेला फार चांगली आहे.

पण खरी गंमत मला तिसऱ्या नियमाची वाटायची. विचारल्याशिवाय काकू धागासुद्धा घेत नाहीत. फरशी पुसायचं फडकं असलं तरी तीनदा विचारणार, "नेऊ ना? मनापासून देऊन राह्यला ना?" एकदा आम्ही रस्त्याने येत असताना एका तुरीच्या शेतातल्या बुजगावण्याचा जांभळा सदरा त्यांच्या मनात भरला. बुजगावण्याची काही हरकत नव्हती. तरी काकू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहिल्या. तासाभराने मालक आला, त्याने हो म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी कात्री काढली. मी उन्हात उभा राहून चरफडत होतो.

या नियमामागचं कारण मला बायकोकडून कळलं. अकरा वर्षांपूर्वी काकूंची धाकटी बहीण, कळंबच्या शांताबाई, लेकीच्या लग्नाआधी इथे आल्या होत्या. सोबत स्वतःच्या लग्नातला मोतिया शालू होता. पदर जरा उसवला होता, तो नीट करून लेकीला बोहल्यावर नेसवायचा होता. शालू त्यांनी खाटेवर ठेवला आणि त्या आंघोळीला गेल्या. त्याच खाटेवर गल्लीतून आलेल्या जुन्या कपड्यांचं गाठोडं होतं. काकू तेव्हा चिंध्यांच्या नादात. शांताबाई केस पुसत बाहेर आल्या तेव्हा शालूचे वीत वीत तुकडे होऊन रंगाप्रमाणे वेगवेगळ्या ढिगांत गेलेसुद्धा होते. त्या तशाच ओल्या केसांनी बस स्टँडवर गेल्या. त्यानंतर ना येणं-जाणं, ना फोन.

त्या शालूचा एकही तुकडा काकूंनी कुठल्या गोधडीला लावला नव्हता. एका पत्र्याच्या डब्यात ते सगळे जपून ठेवले होते.

यंदा बातमी आली, की शांताबाईंच्या लेकीला इतक्या वर्षांनी मूल झालं आणि ती कळंबला माहेरीच आहे. काकूंनी डबा उघडला. बाकी सगळी कामं बंद. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्या ओसरीवर बसून शालूतली जर काढत होत्या, सुईच्या टोकाने, एकेक तार. मग त्या मऊ तुकड्यांचं बाळासाठी दुपटं शिवलं. आतून दोघींच्या आईच्या जुन्या सुती लुगड्याचं अस्तर.

मी चतुर्थीला चिंतामणीच्या दर्शनाला कळंबला जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. दुपट्याची पिशवी माझ्या हातात देताना पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कॉलरकडे पाहिलं नाही. "ठेवून घेतलं तं ठीक. फेकलं तं उचलून आणजो. पण तिनं काय केलं ते मले खरं सांगजो," एवढंच म्हणाल्या. यवतमाळला गाडी बदलताना मी ती पिशवी तीनदा चाचपून पाहिली. गणपतीला त्या दिवशी मी स्वतःसाठी काही मागितलं नाही.

शांताबाई अंगणात बाळाचे कपडे वाळत घालत होत्या. चेहरा थेट काकूंचा, फक्त बारीक. मी कुठून आलो ते सांगितलं, तशी त्यांची मुद्रा बदलली. दुपटं उलगडल्याबरोबर त्यांनी शालू ओळखला. बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "जर कुठं गेली याची?"

बाळाला टोचू नये म्हणून काकूंनी एकेक तार काढल्याचं मी सांगितलं.

त्या आत गेल्या आणि कात्री घेऊन बाहेर आल्या. आता दुपट्याचं काय होतं, म्हणून मी पुढे सरकलो. पण त्यांनी स्वतःचा नेसता पदर पुढे ओढला आणि त्याचा एक कोपरा कचकन कापला.

"तिनं न इचारता घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "हे मी आपल्या हातानं देऊन राह्यली. सांगजा तिले."

दुपटं घेऊन त्या बाळाकडे गेल्या. मी चहासुद्धा न घेता निघालो, इतकी मला दारव्हा गाठायची घाई झाली होती.

काकू फाटकातच उभ्या होत्या. मी काही न बोलता ती चिंधी त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, बघू या, ओळखतात का. त्यांनी ती बोटांत फिरवली, उलटी केली, उजेडाला धरली. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "हे कोणाचं हो, भाऊ?"

नऊ वर्षांत हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. परीक्षा घेतल्याची मला लाज वाटली. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं, पदर कापल्याचं आणि निरोपही, शब्दन् शब्द.

"शांतीचं?" काकू फाटकाला धरून उभ्या राहिल्या. "शांती राखाडी रंग कधीपासून नेसाले लागली? तिले तं हा रंग पाहवत नव्हता." मग त्या रडल्या, चांगल्या मोकळेपणी, आणि रडता रडताच चिंधीची कड पाहून म्हणाल्या, "वाकडंच कापलं. तिची कात्री काई सुधरली नाई."

सुईत दोरा ओवून ठेवू का, असं माझ्या बायकोने विचारलं. काकू नको म्हणाल्या. घरात गेल्या, ट्रंक उघडली आणि होती नव्हती तेवढी लुगडी आमच्या ओसरीवर आणून पसरली. उद्या सकाळी यवतमाळला जाणारी पहिली गाडी कितीची, ते मला विचारलं. मग त्या लुगड्यांच्या मधोमध बसून राहिल्या, कुठलंच उचलेनात.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "अकरा वरसं झाली. यातलं कोणतं नेसू, म्हणजे ती मले ओळखन?"