एक बेल ताबडतोब धाडा

गुंडेराव आपली ओळख आपणच करून देत. दुसरं कुणी ती पुरेशी फुगवून देत नसे. "निजामाच्या अख्ख्या मुलखात माझ्या तोडीचा गुप्तहेर न्हाई. वर इंग्रजी चौथी, उदगीरची!" कमलनगरात हे न ऐकलेली एकटी शिवय्याची म्हैस उरली होती, आणि शिवय्या त्यांचा मदतनीस असल्यामुळं तिचीही पाळी जवळ आली होती.

एके सकाळी गंगव्वा इंग्रजी तारेचा कागद घेऊन आली. तिचा मुलगा मल्लप्पा कापसाचा व्यापारी, सोलापूरला गेलेला. तार म्हणजे वाईट बातमी, एवढंच तिला ठाऊक. तिनं चूलही पेटवली नव्हती.

गुंडेरावांनी कागदावर भिंग धरलं. "एक बेल ताबडतोब धाडा. बेल म्हणजे घंटा! पोरगा देवाला घंटा वाहायलाय."

"त्यासाठी तार?" शिवय्यानं विचारलं.

"मग बेलाचं पान. महादेवाला."

"एकच?"

गुंडेरावांचा चेहरा गंभीर झाला. शिवय्याला धडकी भरली; हा चेहरा झाला की कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं. "गंगव्वा, मन घट्ट करा. बेल म्हणजे जामीन. मल्लप्पा कैदेत हाय."

गंगव्वानं कागद हिसकावून घेतला. "कामून? माझं लेकरू मुंगीलाबी वाट देतंय!"

"असलेच पक्के चोर असतेत."

"रावसाहेब, ह्या समद्या बेलांची अक्षरं एकच असतेत का?" शिवय्यानं भीत भीत विचारलं.

"इंग्रजांकडं अक्षरं रग्गड, कुठंबी घुसडतेत. आपण कानाला लागंल ते घ्यायचं."

तिघं सोलापूरच्या गाडीला निघाली. वाटेत गंगव्वा मल्लप्पाच्या गोदामाला कुलूप घालायला गेली, ती बाहेर येईना. शिवय्या बघायला गेला, तर ती कापसाच्या गाठीवर तारेचा कागद धरून बोट फिरवत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"शिवय्या, ही चार नक्षी कागदावरबी हायत, गाठीवरबी हायत. सरकी काढणारे जिनवाले हर गाठीवर छापतेत बघ."

बी, ए, एल, ई. हा बेल म्हणजे कापसाची गाठ! मल्लप्पाला नमुन्याची एक गाठ हवी होती. गंगव्वा रडता रडता हसली आणि तिनं शिवय्याच्याच पाठीत धपाटा घातला.

"हेच मी आडून सुचवायलो होतो," गुंडेराव म्हणाले. तिघांऐवजी गाठच तेवढी गाडीत चढली. गुंडेरावांनी स्वतःच्या हातानं इंग्रजी तार लिहिली: बेल धाडलाय, काळजी नको.

तिसऱ्या दिवशी मल्लप्पा धोतर सावरत, धापा टाकत घरात शिरला. "अव्वा, कुणाला धरलंय?"

"कुणाला न्हाई. कामून?"

"मग ही तार? गाठीच्या बेलात 'ए'पाठोपाठ 'एल' येतो. ह्यात मधी 'आय' घुसलाय. जामीन धाडलाय म्हणून लिहिलंय की!"

गुंडेराव चुलीपाशी तपासाबद्दल मिळालेली तिसरी भाकरी मोडत होते. गंगव्वानं त्यांच्याकडं एकवार बघितलं.

"अजून कुणाला धरलं न्हाई, बाळा," ती म्हणाली. "पण तू आधी दार लाव."