चाळीस कोटांचा डाव

"पोकर? हो, खेळतो की," असं शिंपी बोलून गेला, आणि जीभ चावायलाही त्याला वेळ मिळाला नाही. आरशासमोर कंबरेचं माप देत उभे असलेले हॉटेलचे मॅनेजर भलतेच खूश झाले.

"मग बुधवारी पाचला या, मास्तर. आम्हाला चौथा गडी हवाच होता. आमच्या वेटरांच्या चाळीस कोटांचंही तिथंच बोलून टाकू."

शिंप्याने उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. लग्न परवावर आलेल्या नवरदेवालाही तो "होऊन जाईल" म्हणायचा आणि परवा दिवशी मागच्या खोलीत दडून बसायचा. समोर काचांचं मोठं दुकान झाल्यापासून त्याच्याकडे लोक फक्त चेन बदलायला आणि कंबर सैल करायला यायचे. चाळीस कोट मिळाले तर वर्ष निघणार होतं. नाही मिळाले तर चेनी होत्याच.

पोकर येणारा माणूस ओळखीत एकच, बायकोचा भाऊ. रविवारी तो पत्ते घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदाच आपली कुणाला तरी गरज पडलीय, हे त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

"भावजी, नीट ऐका. प्रत्येकाला दोन पानं, ती लपवायची. मधे पाच पानं उघडी पडतात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातांतून ज्याची पाच सगळ्यात भारी, तो जिंकला."

"मधली पानं कुणाची?"

"सगळ्यांची."

"म्हणजे माझी नाहीत."

"तुमचीपण आहेत."

"दुसऱ्याचीपण आहेत ना? मग मी कशी धरू ती? गिऱ्हाइकाच्या कापडातलं वीतभर कधी उचललं नाही मी."

मेहुण्याने कपाळावर हात मारला. तो हात पुढचे दोन तास तिथेच राहिला.

पैशांऐवजी शर्टाची बटणं घेतली होती. समोरच्याने बटणं सरकवली की तेवढीच टाकायची, नाहीतर जास्त टाकायची, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं, असे तीन रस्ते. शिंप्याला तिसरा रस्ता दिसतच नव्हता.

"भावजी, टाका ना पानं. दुर्री आणि नव्वी आहे हातात."

"असू दे. कशाला तरी लागतील."

बोटभर चिंधीही दोन-दोन वर्षं जपणाऱ्या माणसाला टाकून द्यायला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कोपऱ्यात तुरपाई करत बसलेल्या बायकोलाही जागा भरायला दोन पानं दिली होती. तिने सुई तोंडात धरून विचारलं, "माझी पाचही पानं बदामाची होतायत. चालतं का?" आणि सगळी बटणं ओढून घेतली.

"हिला कुणी शिकवलं?" शिंपी खेकसला.

"तासभर हा ओरडतोय. बहिरी आहे का मी?"

"मग तूच जा बुधवारी."

"जाईन की. निम्मे कोट मलाच शिवायचेत."

निघताना मेहुण्याने चपला घालता घालता हात जोडले. "भावजी, बाकी सगळं विसरा. फक्त हातातली दोन पानं बघायची. एक्का, राजा, राणी अशी थोर नसली तर टाकायची. आणि तोंड उघडायचं नाही."

बुधवारी हॉटेलच्या मागच्या खोलीत मॅनेजर, दातांचे डॉक्टर आणि डॉक्टरांचे साडू बसले होते. शिंप्याने तोंड मिटलं आणि पानं टाकायला सुरुवात केली. प्रत्येक पान टाकण्याआधी तो चिंधीसारखं एकदा चाचपून घेत होता. तासाभराने त्याला या खेळाचा, मेहुण्याचा आणि स्वतःच्या जिभेचा इतका वैताग आला, की कधी एकदा सुटतो असं झालं.

तेवढ्यात मॅनेजरांनी पैशांऐवजी घेतलेल्या आपल्या सगळ्या चकत्या मधे लोटल्या. मधे एक राजा, दोन सत्त्या, एक चौकी आणि एक अठ्ठी उघडी होती. शिंप्याने हातातली पानं पाहिली. दोन सत्त्या. थोर म्हणावं असं त्यांत काही नव्हतं. त्याने ती वैतागून फेकली आणि दोन्ही उताणी पडली.

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मधला धरून माझ्याकडे तीनच राजे होते," मॅनेजर हळूच म्हणाले. "तुम्ही जिंकला होतात, मास्तर. आणि टाकलंत?"

शिंप्याने मान हलवली. काहीतरी मोठं चुकलं होतं आणि कोट गेले होते, एवढं त्याला कळलं.

मॅनेजरांनी घसा साफ केला. "बरं, ते कोट. दहा दिवसांत होतील?"

दोन मशिनी, दोन माणसं, चाळीस कोट. "होऊन जाईल" ओठांपर्यंत आलं. पण तासभर टाकून टाकून शिंप्याच्या अंगात आता काही धरायचं त्राण उरलं नव्हतं.

"नाही जमायचं," तो म्हणाला आणि उठला. इतकं सोपं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मॅनेजर चपापले. हाती आलेला डाव जो असा फेकतो, त्याला ऑर्डर फेकायला कितीसा वेळ लागणार?

"पंधरा दिवस?"

"नाही."

"बरं, महिना घ्या. शिलाई तुम्ही म्हणाल ती. बसा तर खरं."

शिंपी बसला. मॅनेजर पुढे झुकले. "आता एकच सांगा. चार सत्त्या का टाकल्यात?"

"चार कुठल्या?" शिंपी प्रामाणिकपणे म्हणाला. "माझ्या दोनच होत्या."

मॅनेजर डॉक्टरांकडे वळले. "बघितलंत? अजून पत्ता लागू देत नाही माणूस."